परत येण्याचा पुरावा

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो, मग चहा सांगा. तो फ्लेक्स मी लावला नव्हता. लावायला सांगितलाही नव्हता. त्यावर माझा जो गॉगलवाला फोटो होता ना, तो मनालीच्या ट्रिपचा आहे आणि गॉगल सुजितचा आहे. हा काय समोरच बसलाय, विचारा. बघा कसा मान खाली घालून बिस्किट बुडवतोय.

आणि महेश, तू जरा खुर्ची पुढे घे. तू नीट ऐक. तुझ्या कामाचं आहे.

तर मला फिनलंडला स्ट्रॉबेरी तोडायला जायचं होतं. बस. एवढंच होतं. जुलै ते सप्टेंबर, सीझनचं काम, शेतावरच राहायचं, सीझन संपला की परमिट संपलं आणि आपण घरी. आपण सुट्टीत मामाकडे जायचो तसंच, फक्त हा मामा फिनिश आणि तो आपल्याकडून काम करून घेणार. मला वाटलं आयुष्यात एकदा तरी बदलापूर सोडून कुठेतरी राहून बघावं. पासपोर्ट होताच. अठरा पूर्ण झाल्या झाल्या बाबांनी काढून ठेवला होता. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, कपाटात असलेला बरा म्हणून.

बाबांनी अख्खी नोकरी अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑफिसर म्हणून काढली. क्वालिटी डिपार्टमेंट. त्यामुळे घरी काही सांगितलं की ते आधी नापास करतात, मग तपासतात.

"बी.कॉम. करून फळं तोडणार?"

"बाबा, युरोपमधली फळं."

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टपाशी ते बाळकाकांना सांगताना मी ऐकलं, "पुष्कर अॅग्रिकल्चर सेक्टरमध्ये जातोय. हार्वेस्टिंग साइडला." बाळकाका म्हणजे आमच्या मयूरेश सोसायटीचे सेक्रेटरी, बाळ कारखानीस. अकरा वर्षं सेक्रेटरी. चेहरा बघितलात तर तुम्हाला वाटेल बावीस.

आता त्या शेतवाल्यांनी एक मागितलं, फळं तोडण्याच्या अनुभवाचा व्हिडिओ. मे महिना होता, आणि मे महिन्यात बदलापूरच्या माणसाने फळाचा अनुभव नाही म्हणणं म्हणजे लाज आहे. आपलं जांभूळ! मी थेट धर्मराजमामांकडे गेलो. बारवी रोडला त्यांची झाडं आहेत, त्यांच्या विठामामी आमच्याकडे दर वर्षी जांभळं घेऊन येतात. पण जांभळाची पद्धत तुम्हाला माहितेय का? एक जण वर चढून फांदी हलवतो आणि चार जण खाली चादर धरतात. मी म्हटलं मी वर चढतो, व्हिडिओत भारी दिसेल.

"तू वर चरू नको हां," मामा म्हणाले. "जांभलीची फांदी मोरली त तुजे आईला मी काय सांगू?"

म्हणून मला चादरीचा कोपरा दिला. आणि विठामामी मधेमधे, "तिकरं तुला जेवाला कोन घालील रं?" असं विचारत कॅमेऱ्यासमोरून जात होत्या. तर माझा अनुभवाचा व्हिडिओ काय, मी चादरीचा कोपरा धरून, तोंड वासून वर बघतोय आणि एक जांभूळ डोळ्यात पडतंय. शेवटी मी इंग्लिशमध्ये स्वतःची ओळख करून दिली, जीभ पूर्ण जांभळी. तसाच पाठवला.

शेतवाल्यांचं उत्तर आलं. फार सभ्य लोक. लिहिलं होतं, व्हिडिओ सगळ्या कुटुंबाने बघितला, आवडला. आमच्याकडे स्ट्रॉबेरी जमिनीवर असते. तुमची तब्येत बरी आहे ना? आणि खाली सिलेक्शनचं लेटर!

हे मी फक्त सुजितला सांगितलं. सुजितने फक्त सनीला सांगितलं. सनी म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारचा आमचा सिंधी दोस्त, फ्लेक्स छापतो. बस, आणखी कोणालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुळगावच्या नाक्यावर मी पंधरा फुटांचा.

"बदलापूरचा ढाण्या वाघ! श्री. पुष्करदादा जोगळेकर, फिनलंड येथे मोठ्या हुद्द्यावर निवड होऊन परदेशात कायमचे स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मागे आयफेल टॉवर. खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हतो. एक तर माझ्याकडे संशयाने बघत होता, फोटोतसुद्धा.

मी सनीला फोन लावला. म्हटलं, टॉवर फ्रान्समध्ये आहे रे.

"साईं, फॉरेन बोला ना आपने? फॉरेन में टावर आता है."

सुजितला विचारलं, 'कायमचे' कुठून आलं? परमिट सीझनचं आहे! तर हा काय म्हणाला माहितेय? बिस्किट खाली ठेव आणि सांग. सांगत नाहीये. मी सांगतो. हा म्हणाला, "तीन महिन्यांसाठी कोण फ्लेक्स लावतं का? तीन महिन्यांसाठी बायका बाळंतपणाला माहेरी जातात."

आणि यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे रीतच ती आहे. परदेशी गेलेला माणूस परत आला की लोक आधी विचारतात, काय झालं? त्यामुळे जाणाऱ्याला कायमचं पाठवणं हेच चांगुलपण. त्या दिवसापासून माझ्या वस्तूंची वाटणी सुरू झाली. तळमजल्याच्या कुंदामावशी आईचं सांत्वन करायला आल्या आणि जाताना माझं बाइकचं पार्किंग मागून गेल्या. "आता त्याला काय लागणार गं. आमच्या जावयाला बरं पडेल." दुपारी तिथे जावयाची अॅक्टिव्हा लागली पण. माझी बाइक गटाराजवळ.

आता खरी मजा. अजून परमिट यायचंच होतं! नुसतं सिलेक्शन झालं होतं. म्हणजे परमिट नाही आलं तर मला रोज त्या पंधरा फुटी पुष्करच्या खालून दूध आणायला जावं लागणार. ढाण्या वाघ, हातात पिशवी. रात्रीची झोप उडाली माझी. फिनलंड राहिलं बाजूला, मला आता फक्त त्या फ्लेक्सच्या खालून इज्जतीत निघायचं होतं.

परमिटचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. मी इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, मागे देवघर दिसू नये म्हणून आईने चादर धरलेली. तेवढं शिकलो होतो मामांकडून. स्क्रीनवर एक गोऱ्या बाई, शांत, आणि बाजूला एक आपले गृहस्थ, भाषांतराला. पुण्याचे. ते "नमस्कार" म्हणाले त्यावरूनच कळलं.

पहिले दोन प्रश्न मस्त गेले. मग बाईंनी स्क्रीनवर एक व्हिडिओ लावला. माझा फ्लेक्स! खाली ढोल वाजतायत, सुजित नाचतोय. या महापुरुषाने त्याची रील केली होती आणि परमिटच्या ऑफिसच्या पेजला टॅग केलं होतं. का, तर "त्यांना पण कळू दे ना, इथे तुझी किती इज्जत आहे."

बाईंनी पुणेकरांना वाचायला सांगितलं. त्या माणसाने एकेक शब्द स्वच्छ वाचला. 'ढाण्या वाघ' या शब्दांपाशी थांबला, विचार केला आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "अ लार्ज टायगर. लोकल." मग 'कायमचे' आलं. त्याचं भाषांतर त्याला पटकन जमलं.

बाई मला म्हणाल्या, म्हणजे इंग्लिशमध्ये, की आम्ही तुम्हाला सीझनपुरतं बोलावतोय. तुमचं गाव म्हणतंय तुम्ही कायमचे येताय. तुम्ही परत जाल याचा पुरावा काय?

मी म्हटलं, "मॅडम, माय मदर इज हिअर." मागची चादर हलली.

बाई म्हणाल्या, आई सगळ्यांनाच असते. आठवडा घ्या, कागद पाठवा, मग परत बोलू.

परत येण्याचा पुरावा! तुम्ही सांगा, आणणार कुठून? बायको नाही. नोकरी म्हणजे कल्याणला कुरियरच्या ऑफिसात अर्धा दिवस, तिथे मी नसलो तर कोणाला कळत नाही, असलो तरी नाही. घर? मी नुसतं बाबांकडे बघितलं, तोंड उघडलंच नव्हतं, तर ते म्हणाले, "फ्लॅट मी आहे तोवर माझ्याच नावावर राहील." मी मागितला नव्हता हो.

संध्याकाळी अर्धी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये. कुंदामावशी म्हणाल्या, "सरळ लग्न ठरवा. साखरपुड्याचे फोटो पाठवा. बायको इथे म्हटल्यावर कोण तिकडे थांबतंय?"

"पण मुलगी कुठाय?" आई.

"मुलगी मिळेल गं. आधी हॉलची तारीख धरू, हॉल मिळत नाहीत."

आई विचारात पडली. मी ताबडतोब म्हटलं, लग्न नको, तुम्ही सगळे मला पत्रं द्या. शेजाऱ्यांची पत्रं. फक्त लिहा की पुष्कर परत येईल. सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पत्रं आली, आणि मी डोक्याला हात लावून बसलो. एकानेही तसं लिहिलं नव्हतं! कुंदामावशींनी लिहिलं होतं, "मुलगा इतका गुणी आहे की तिकडचे लोक त्याला परत येऊच देणार नाहीत."

मी खाली गेलो. म्हटलं, मावशी, हे उलटं झालंय.

"अरे, पोरगा एवढ्या लांब निघालाय आणि मी लिहू की परत येईल? अभद्र वाटतं रे! माझ्या हातून नाही व्हायचं." त्यांच्या डोळ्यात पाणी. आणि त्यांच्या मागे, माझ्या पार्किंगमध्ये, अॅक्टिव्हा.

सनीनेही मदत केली. त्याच्या दुकानात मी मॅनेजर आहे असं लेटर द्यायला तयार झाला. "मॅनेजर लिखूं या पार्टनर? दिल से बोल, साईं." पण त्याच्या लेटरहेडवर खाली छापलंय, 'पासपोर्ट, व्हिसा व परदेशगमनाची सर्व कामे एकाच छताखाली'. ते बघून बाईंनी मला स्ट्रॉबेरीचा फोटोसुद्धा दिला नसता.

इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी बेल वाजली. दारात बाळकाका. हातात कापडी पिशवी, अंगावर पांढरा झब्बा. तो ते फक्त मयताला आणि वार्षिक सभेला घालतात.

"पुष्कर बेटा," म्हणाले. मला जन्मात कधी बेटा म्हटलं नव्हतं. गेल्याच महिन्यात जिन्यात सायकल ठेवली म्हणून नोटीस काढली होती माझ्या नावाने. "एक पुरावा आहे. जगातलं कुठलंही सरकार मान्य करेल."

"कोणता, काका?"

"सेक्रेटरी हो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"माणूस देश सोडू शकतो. घर सोडू शकतो. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडता येत नाही. मी अकरा वर्षं प्रयत्न करतोय. मुलाकडे बंगलोरला गेलो होतो, चौथ्या दिवशी पंप जळाला. विमानाने आणलं मला. तू कुठेही जा, हे तुला परत आणतं."

आमच्या सोसायटीत आजपर्यंत एकमताने काही झालेलं नाही. बिल्डिंगला कुठला रंग द्यायचा यावर चार वर्षं चर्चा चालू आहे, तोपर्यंत आहे तो पण पडला. पण त्या संध्याकाळी तातडीची सभा झाली आणि चहा उकळायच्या आत मी सेक्रेटरी. अनुमोदन कोणी दिलं? बाबांनी. उभे राहून. माझ्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी पास केलं ती ही पहिली वेळ. मला जरा भरूनच आलं खरं सांगू तर, आणि त्या नादात मी पिशवी घेतली. किल्ल्यांचा जुडगा, गोल शिक्का, पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर. बाळकाका जिना उतरले ते गुणगुणत. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा गाण्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

आता तेच लोक बघा हां. ज्यांना 'परत येईल' लिहिताना अभद्र वाटत होतं, त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलं की सदर सेक्रेटरी तीस सप्टेंबरपूर्वी परत न आल्यास संस्थेची वार्षिक सभा होऊ शकत नाही, तरी कृपया त्यास कोणत्याही परिस्थितीत तिकडे ठेवून घेऊ नये. खाली सगळ्यांच्या सह्या. कुंदामावशींनी तर दोन केल्या.

दुसरा इंटरव्ह्यू. तोच शर्ट, तीच चादर. बाईंनी पत्र वाचलं आणि विचारलं, हे सेक्रेटरी म्हणजे सरकारी पद आहे का? मी सांगायला तोंड उघडलं आणि बेल. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा बेल. मग दारच वाजायला लागलं, आणि आई चादर धरून असल्यामुळे उघडणार कोण? दार ढकलून कुंदामावशी थेट स्क्रीनमध्ये.

"पुष्कर! नळाला थेंब नाही! माझ्या डोक्याला साबण लागलाय आणि तू इथे गप्पा मारत बसलायस? सेक्रेटरी झालास ना?"

खरंच साबण होता. डोक्याला टॉवेल, त्यातून फेस.

मागून तिसऱ्या मजल्याचे घाणेकर, "ए सेक्रेटरी, वरची टाकी वाहतेय, माझ्या गॅलरीत धबधबा!" आई म्हणाली, "अगं बाई, खाली नाही आणि वर वाहतंय?" आणि चादर सोडली. मी म्हटलं संपलं. देवघर, बर्म्युडा, साबण, सगळं युरोपला दिसलं.

मी घाईघाईत म्हटलं, "मॅडम, सॉरी, वन मिनिट, व्हॉल्व्ह," आणि पिशवी घेऊन गच्चीवर पळालो. व्हॉल्व्ह कोणता ते माहीत नव्हतं. बाळकाकांना हाक मारली तर त्यांनी खिडकीतून फक्त हात केला, निवृत्त माणसासारखा. शेवटी होते तेवढे सगळे व्हॉल्व्ह उलटे फिरवले आणि ओला होऊन खाली आलो.

स्क्रीन चालूच होती. बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाजूच्या पुणेकर गृहस्थांकडे बघत होत्या. त्या माणसाने चष्मा काढला होता आणि रुमालाने पुसत होता. मग तो बाईंशी खूप वेळ बोलला, हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही. एकदा हाताने पंप चालू केल्यासारखं केलं. एकदा स्वतःच्या छातीला हात लावला.

बाई म्हणाल्या, "मिस्टर जोगळेकर, आमची खात्री पटली."

कॉल बंद व्हायच्या आधी ते गृहस्थ मराठीत म्हणाले, "मीपण आहे हो. कोथरूडला. नऊ वर्षं."

परमिट आलं! आणि निघायच्या दिवशी अख्खी बिल्डिंग गेटवर. हातावर दही घालायला रांग लागली, माणूस सुखरूप परत यावा म्हणून. पाच-सहा जणांनंतर माझ्या दोन्ही हातांत मावेना, बॅग बाबांनी उचलली. आई रडत होती, पण बाळकाका तिच्यापेक्षा जास्त रडत होते. त्यांनी दोनदा दही घातलं. "तारीख लक्षात आहे ना रे? तीस सप्टेंबर. तिकडे रमू नको, बेटा." कुंदामावशींनी तर पार्किंगमधून अॅक्टिव्हा काढायला लावली. "तुझीच जागा आहे रे, तुझीच राहील."

तिकडचं काय सांगू. सुंदर. रात्री दहापर्यंत उजेड. मी स्ट्रॉबेरीच्या ओळीत गुडघ्यावर, कानाला फोन, आणि तिकडून घाणेकर. "लाल व्हॉल्व्ह का निळा?" मी म्हणायचो निळा. बाजूचे युक्रेनी पोरगे पण शिकले, फोन वाजला की ओरडायचे, "निला! निला!" आणि शेवटी, सप्टेंबरमध्ये, शेताच्या मालकीणबाई म्हणाल्या, तू चांगलं काम करतोस, आता सफरचंदं आहेत, महिनाभर थांब, कागद मी करून देते. खरं सांगतो तुम्हाला, माझ्या तोंडावर 'येस' आलं होतं. 'ये' पर्यंत बोललो पण. तेवढ्यात मोबाइल वाजला. बाबा. "वार्षिक सभेची नोटीस लागली आहे. तुझ्या सहीची. बघ बुवा."

म्हणजे त्या बाईंना मी जो पुरावा दिला होता ना, तो खरा होता. ती एवढी शांत बाई, पण बरोबर ओळखलं तिने.

परत आलो, रिक्षा कुळगावच्या नाक्यावर आली, आणि समोर मी. पंधरा फूट. तोच गॉगल, तोच टॉवर. मी म्हटलं अजून उतरवला नाही का? नीट बघितलं तर पट्ट्या चिकटवल्या होत्या सनीने, जुन्यावरच. ढाण्या वाघ तसाच. खाली पट्टी, 'मयूरेश सोसायटीचे'. मग पट्टी नसलेला एकच शब्द, जुना, उन्हाने थोडा विटलेला: 'कायमचे'. आणि परत पट्टी, 'सेक्रेटरी यांचे सहर्ष स्वागत!'

सुजित म्हणाला, "तेवढा शब्द कामाचा होता, तो ठेवला."

सभेत मी राजीनामा मांडला. बाळकाका उठले. तब्येत काय झालीये त्यांची, दहा वर्षांनी तरुण! म्हणाले, एका परक्या देशाच्या सरकारला आपण लेखी दिलंय की हा माणूस आपल्याला लागतो. आता शब्द फिरवला तर बदलापूरची पत काय राहील? राजीनामा नामंजूर. एकमताने. अनुमोदन, बाबा.

असो. चहा गार झाला.

तर महेश. तुम्ही आमच्या बी-विंगला फ्लॅट घेतलाय ना? अभिनंदन. आणि सुजित सांगत होता तू पुढच्या वर्षी नॉर्वेला सफरचंदाचं बघतोयस. बघ, बघ. मस्त आहे. काही अवघड नाही रे. व्हिडिओला धर्मराजमामा आहेत, मी चादरीचा दुसरा कोपरा धरतो. फक्त शेवटी ते एक विचारतात. परत येण्याचा पुरावा. त्यात भलेभले अडकतात.

ही पिशवी बघ. जड आहे, टेबलावर ठेवतो. ही गच्चीची किल्ली, ही मीटररूमची, ही कसली आहे ते बाळकाकांनाही माहीत नाही. हा शिक्का. आणि लक्षात ठेव, निळा व्हॉल्व्ह. सुज्या, तू सनीला फोन लाव. म्हणावं नवीन छापू नको, नाव आणि फोटो तेवढा बदल. गॉगल आहे ना तुझ्याकडे?

अरे, महेश? महेश! कुठे निघालास? फोन आलाय? वाजला तर नाही. अरे चहा सांगितलाय तुझा… परत येशील ना?